दिव्याला सोबत

घर दाखवायच्या आधी मालकांनी आम्हाला डोळे मिटून जिना उतरायला लावला.

विरार पूर्वेला मनवेलपाड्यात आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. तोपर्यंत मालक मंडळींचं नाही नाही ते विचारून झालं होतं. मासे खाता का, पाहुणे फार येतात का, मुलाबाळांचा विचार कधी आहे. या गृहस्थांनी यातलं एकही विचारलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दारापाशी उभे राहिले, किल्ली खिशातच ठेवली आणि म्हणाले, "डोले मिटा नि खाली जावन दाखवा. भिताला हात लावून."

माझा नवरा बँकेत आहे. त्याला कुणी काही करायला सांगितलं की तो आधी करतो आणि मग का ते विचारतो. तो निघालाच. मी म्हटलं, "काका, आम्हाला घर बघायचंय. सर्कशीत नाव नाही घालायचं."

"धुरात डोले उघडे ठेवून काय दिसनार हाय, बाय? घर कुठं पलून जात नाय. आधी भायेर कसा जायाचा ता बघा."

मीही उतरले. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी आजीच्या पोटात माझं कोपर गेलं. तिनं शिवी घातली नाही, उलट म्हणाली, "नवीन भाडेकरू काय? सावकाश उतरा, आम्ही सगळे असेच उतरलोय."

असं ते घर आम्हाला मिळालं.

मालकांचं नाव बिल्डिंगमध्ये कुणी घेत नसे. पोरं त्यांना बंबकाका म्हणायची आणि हळूहळू मोठी माणसंही म्हणायला लागली. खाडीकडची जुनी शेतकरी माणसं ती. आमची बिल्डिंग उभी होती ती जागा त्यांच्या वडिलांच्या भाताच्या खाचराची. बिल्डरनं त्या बदल्यात दिलेल्या घरांपैकी पहिल्या मजल्यावरच्या घरात ते राहायचे, बाकीची भाड्यानं द्यायचे. बायको बहुतेक वेळ लेकीकडे असायची, अर्नाळ्याला. ती एकदा मला म्हणाली होती, "या मानसाच्या घरात साधी फोडनी घालायची तरी परीक्षेला बसल्यासारका वाटते." नंतर मला कळलं की बिचारी काही वाढवून सांगत नव्हती.

त्यांचं नाक लांब नव्हतं, पण कामाचं होतं. दिवेलागणीला ते जिना चढायला लागायचे आणि प्रत्येक दारापाशी थांबून वास घ्यायचे. कुणाची वायर तापलीय, कुणाच्या मिक्सरनं मान टाकलीय, कुणी इस्त्री चालू ठेवून मालिका बघतंय, सगळं त्यांना दाराबाहेरून कळायचं. चुकायचेही. दुसऱ्या मजल्यावर एकदा सुके बोंबील भाजत होते, तर यांनी दार वाजवून घरातल्या सगळ्यांना खाली नेऊन उभं केलं. मग वर जाऊन तव्यात डोकावले आणि खिडकीतून म्हणाले, "बोंबील हायेत. या वर, जेवा." त्या घरची बाई पुढे कितीतरी दिवस त्यांना बघितलं की तवा पुढे करायची.

एका रविवारी सकाळी त्यांनी जिना साफ केला. म्हणजे झाडला नाही, मोकळा केला. आपल्याकडे घर दारापाशी संपत नाही हे काही सांगायला नको. दाराबाहेर चपलांचा रॅक आपला, त्याच्याशेजारची सायकल आपली, बिघडलेला कूलर आपला आणि गेल्या गणपतीचं मखर तर देवाचंच. काकांनी सगळं उचललं आणि गच्चीवर नेऊन ठेवलं. सोमवारी सकाळी अख्खी बिल्डिंग ऑफिसच्या कपड्यात अनवाणी गच्चीवर आपापली जोडी शोधत होती. माझा नवरा एका पायात स्वतःची आणि एका पायात चौथ्या मजल्यावरच्या सरांची चप्पल घालून बँकेत गेला.

त्यावर सोसायटीची मीटिंग झाली. सर तापलेले होते. म्हणाले, "काका, बिल्डिंगला इतकी वर्षं झाली. एकदा तरी आग लागलीय का इथं?"

"नाय."

"मग?"

"मंग काय? आधी जलायला पायजे काय?"

सर खाली बसले. रॅक दाराच्या आत गेले. बायका कुरकुरल्या, पण जिना तेव्हापासून मोकळाच राहिला.

या माणसाला आगीची एवढी धास्ती का, याच्या बिल्डिंगमध्ये अनेक कथा होत्या. कुणी म्हणे त्यांची गवताची गंजी जळली, कुणी म्हणे धाकटा भाऊ गेला. तळमजल्यावरच्या किराणावाल्याच्या कथेत तर पहिली बायको होती. मला राहवेना. मी सरळ त्यांनाच विचारलं. तेव्हा ते आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये बसवलेल्या छोट्या दाराला शिवणयंत्राचं तेल घालत होते. हे दार त्यांनी प्रत्येक घरात करून घेतलं होतं, किल्ली बाजूच्या खिळ्यावर, आणि दर महिन्याला येऊन ते आमच्याकडून उघडून घ्यायचे.

"कोन नाय जलला, बाय," ते तेलाचा डबा पुसत म्हणाले. "आमच्या घरात कदी काय जलला नाय. भाकरीपन नाय." आणि मग जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "भ्यायला कारन कशाला लागते?"

मी ग्रिलचं दार उघडून दाखवलं. मला गप्प करणं सोपं नाही, माझ्या सासरी विचारा.

सासरचा विषय निघालाच आहे तर सासूबाईंकडे येते. त्या साताऱ्याकडच्या. गुडघ्यांच्या उपचारासाठी त्या वर्षी आमच्याकडे राहायला आल्या आणि येताना आपले देव, घटाची परडी आणि समई घेऊन आल्या. नवरात्र तोंडावर होतं. लग्न होऊन आल्या वर्षापासून त्यांचा नवरात्रातला नंदादीप एकदाही शांत झाला नव्हता. सासरे आजारी होते त्या वर्षी नाही, माझ्या नवऱ्याचा जन्म नवरात्रातच झाला त्या वर्षीही नाही. दिवा गेला तर घरावर काहीतरी येतं, ही त्यांची श्रद्धा. चेष्टेवारी नेण्यातली नव्हती ती. त्या दिव्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा.

आणि इकडे आमच्या घराच्या अटींमध्ये पहिलीच अट होती, घरात कुणी नसताना ज्योत पेटती ठेवायची नाही. आम्ही दोघं सकाळीच मुंबईला जाणार. सासूबाईंना रोज दुपारी गुडघ्यांच्या व्यायामाला तुळिंजला जायचं. म्हणजे दिवा एकटा.

मी काकांना बोलावलं. वाटलं होतं, म्हातारी माणसं समजून घेतील एकमेकांना.

"इस्तव पाव्हना असते, ताई," काका सासूबाईंना म्हणाले. इस्तव म्हणजे विस्तव, त्यांच्या बोलीत. "घरात पाव्हना बसवून आपुन भायेर जातो काय? एकतर त्याच्यापाशी बसा, नायतर निरोप द्या."

"देवीच्या दिव्याला निरोप? नऊ दिवसांच्या आत?" सासूबाई म्हणाल्या. "भाऊ, घर सोडायला सांगा, सोडतो. दिवा न्हाई जायचा."

घर शोधत पुन्हा चंदनसारपर्यंत पायपीट करायची माझी तयारी नव्हती. आणि सासूबाईंना दिवा लावू दिला नाही तर त्या पहिल्या गाडीनं गावी जाणार, गुडघे गेले उडत, हे मला दिसत होतं. माझ्या नवऱ्यानं नेहमीप्रमाणे दोघांनाही "बरोबर आहे" म्हटलं.

काकांनी समईचं बूड हलतंय का ते हात लावून बघितलं. मग म्हणाले, "तुमी जाशाल तवा मी येवन बसेन."

तर अशा रीतीनं आमच्या दिव्याला राखणदार मिळाला. पण फुकट नाही. समई पाण्यानं भरलेल्या परातीत आली. मागचा पडदा उतरला. काडेपेटी झाकणाच्या डब्यात गेली, डबा कपाटावर. आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी काकांनी सासूबाईंना ओट्यापाशी उभं केलं, शेगडीवर थंड कढई ठेवली आणि विचारलं, "तेल पेटला. काय करशाल?"

"पाणी ओतीन."

"मेलाव."

"अगं बाई."

"पेटल्या तेलावर पानी टाकला तर आग उडी मारते. पयला गॅस बंद. मंग झाकन, परात, काय हाताला येल ता. वरतून टाकायचा नाय, बाजूनं सरकवायचा. नि गार होईस्तवर उचलायचा नाय. करा."

सासूबाईंनी केलं. पुन्हा करा म्हणाले, पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्या पुटपुटल्या, "साठी उलटली न् आता शाळंत घातलं मला." पण संध्याकाळी माझ्या नवऱ्याला त्यांनी स्वतःच तो धडा म्हणून दाखवला, बाजूनं सरकवायचा वगैरे सगळं काकांच्या आवाजात.

मी संध्याकाळी घरी येईपर्यंत दोघांचं भांडण रंगात आलेलं असायचं. सासूबाई तुळिंजहून परत आल्या तरी काका उठायचे नाहीत. प्लास्टिकच्या स्टुलावर दिव्याकडे तोंड करून बसायचे आणि वात फार पुढं आलीय म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या, मागं घेतली तर जाईल. काका म्हणायचे, जात नाय. मग चहा. मग तेल कुठलं चांगलं. मग साताऱ्याकडे भात कसा पिकत नाही आणि वसईकडे बाजरी कशी पिकत नाही. मी मनात म्हटलं, हा दिवा राहिला तर देवीच्या कृपेनं नाही, या दोघांच्या हट्टानं राहील.

तिसऱ्या-चौथ्या माळेपर्यंत सासूबाईंना एक गुपित कळलं. काकांना जेवायला या, चहाला या म्हटलं तर ते आढेवेढे घेतात. पण फोन करून "भाऊ, दिवा फडफडतोय" म्हटलं की असतील तसे येतात. त्यांनी ही युक्ती भरपूर वापरली. मी एकदा रागावले तर म्हणाल्या, "एकटा मानूस हाय गं. हातानं करून काय खात असंल?"

अष्टमी रविवारी आली. आम्ही घरी होतो. सासूबाईंनी उपासाची भगर आणि दाण्याची आमटी केली, गरम गरम. आणि फोन लावला. "भाऊ, दिवा लई फडफडतोय आज."

खाली काकांनी तेव्हा कढईत तेल तापत ठेवलं होतं. उपासाच्या बाईकडचा चहा किती दिवस रिकाम्या हातानं प्यायचा म्हणून साबुदाण्याच्या पापड्या तळून वर आणायच्या होत्या. हे आम्हाला मागाहून कळलं. फोन ठेवला आणि ते निघाले. आयुष्यभर ज्या माणसानं दुधावरून नजर हलवली नाही, तो आमच्या दिव्याच्या काळजीनं पेटती शेगडी तशीच टाकून, दार ओढून वर आला.

"कुठं फडफडते?"

"आता थांबला बघा. बसा, गरम हाय."

काका बसले. दोन घास खाल्ले आणि त्यांनी मान वर केली. "वास येते."

"तुम्हाला रोजच येतो," सासूबाई म्हणाल्या. "आमटी घ्या."

"तेलाचा वास हाय."

ते उठलेच. मी मागोमाग गेले, आमटीची वाटी हातात घेऊन, कारण मला वाटलं हे नेहमीचंच. आधी ते वर गेले. चौथ्या मजल्यावर सर म्हणाले, "धूप आहे, काका." दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडलं आणि न विचारताच म्हणाली, "आज उपास आहे, बोंबील नाहीत." काका प्रत्येक दारापाशी थांबत होते, नाक वर करून हुंगत होते आणि नाय नाय म्हणत खाली येत होते. बिल्डिंगमधलं एकच घर त्यांच्या मनात आलं नाही.

पहिल्या मजल्यावर त्यांच्या दाराच्या फटीतून काळा धूर येत होता.

मी वाटी खाली ठेवली. वरून दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं बंबाला फोन लावल्याचा आवाज येत होता. काकांनी खिशातून किल्ली काढली आणि तिथंच थांबले. किल्ली हातात, हात हवेत. या माणसानं आम्हा सगळ्यांना डोळे मिटून उतरवलं होतं आणि स्वतः उघड्या डोळ्यांनी दगड झाला होता. मला त्यांचा राग आला नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"पानी," ते म्हणाले. "बाय, पानी आन."

मीही अशी शहाणी की जिन्यात त्यांनीच भरून ठेवलेली बादली उचलली.

"ठेव ती खाली."

सासूबाई जिना उतरून येत होत्या. भिंतीला हात लावून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. पूर्वी त्या जिन्यात रॅक, सायकल आणि मखर होतं तेव्हा मलासुद्धा तिरकं होऊन जावं लागायचं. त्या सरळ आल्या. काकांच्या हातातली किल्ली घेतली, पालथा हात दाराला लावून बघितला, पदर नाकाला धरला आणि दार उघडलं.

कढई पेटली होती. ज्वाळा अजून कढईतच होती, वरचं फळकुट काळं पडलं होतं. सासूबाईंनी बटण फिरवून गॅस बंद केला. ओट्यावरची परात घेतली आणि बाजूनं सरकवली. झालं. एवढंच. खिडक्या मी उघडल्या. खोकत खोकत आम्ही दोघी दारात आलो, तर काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "उचलू नका. गार होऊंद्या."

"ठाऊक हाय," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच पाठ करून घेतलंय."

बंब आला. जवानांनी कढई बघितली, घर बघितलं आणि मग खालपासून वरपर्यंत रिकामा जिना बघून एकमेकांकडे बघितलं. जाताना त्यातला एकजण म्हणाला, असा जिना आम्ही विरारमध्ये बघितला नाही. एरवी हे ऐकून काका वर्षभर ताठ चालले असते. पण त्यांचं लक्षच नव्हतं. ते एकदम दचकले.

"वर दिव्याजवल कोन हाय?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो केव्हाच खाली आला होता. मी खाली होते. सासूबाई खाली होत्या. काका जिना चढायला धावले.

"भाऊ, पळू नका," सासूबाई म्हणाल्या. "कुणी न्हाई तिथं. पाहुण्याला निरोप देऊन आले मी."

काका पायरीवर बसले. माझ्या नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला, तो त्याच दिव्याच्या उजेडात मोठा झालेला. ज्या बाईनं नवऱ्याच्या आजारपणात तो दिवा जपला, बाळंतपणात जपला, तिनं घर रिकामं होतंय म्हणून स्वतःच्या हातानं तो शांत केला होता. मला रडू आलं. मी ते धुरावर ढकललं.

"ताई, नऊ दिस व्हायचे होते ना," काका म्हणाले. "माझ्यामुले गेला."

"तुमच्यामुळं कशाला? फोन कुणी केला होता? देवी काय आंधळी हाय? मी कुठं चालले ते बघितलंय तिनं." मग म्हणाल्या, "आता चला वर. आन् भगर गार झाली तुमची."

वर आल्यावर त्यांनी समईत नवी वात घातली आणि कपाटावरचा डबा माझ्या नवऱ्याला काढायला लावला. काडेपेटी काकांच्या हातात दिली. काका नाही नाही म्हणाले, मागे सरले, मग घेतली. दोन काड्या मोडल्या. तिसरी पेटली. वात धरली तशी त्यांनी काडी परातीतल्या पाण्यात बुडवली, दोनदा बुडवली, आणि स्टूल ओढून बसले.

"आता मी हाय. तुमी पाय पसरा जरा."

"खालचा गॅस?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमी बंद केलाव ना?"

"केलाय."

"बटनच ना? सिलिंडरचा नाय?"

"सिलिंडरचा न्हाई बघितला."

काका उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले. दिव्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत, असे ते उभे राहिले. मला हसू आवरेना. सासूबाईंनी त्यांचं स्टूल आपल्याकडे ओढलं आणि गुडघे धरत सावकाश त्यावर बसल्या.

"जा, भाऊ. मी बसलेय त्याच्यापाशी."

काकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग भिंतीला हात लावला आणि मागे वळून न बघता जिना उतरले.